६० ओम आले, तरी वायरिंग ठीक नव्हतं: एक्स्कॅव्हेटरच्या ईसीएम संपर्क दोषाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

मशीन: २० टन वर्गातला क्रॉलर एक्स्कॅव्हेटर, २४ व्होल्ट सिस्टिम, इलेक्ट्रॉनिक इंजिन. कॅन लाइनवर (मॉड्यूल एकमेकांना संदेश पाठवतात ती दोन वायरींची जोडी) चार जण बोलतात: इंजिनचा ईसीएम (इंजिन चालवणारा कंट्रोलर), पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा मशीन कंट्रोलर, केबिनमधला मॉनिटर आणि मागाहून बसवलेला जीपीएस ट्रॅकर.

तक्रार: काम चालू असताना मॉनिटरवर "इंजिन कंट्रोलरशी संपर्क नाही" असा संदेश येतो आणि बझर वाजतो. थ्रॉटल डायल कितीही फिरवला तरी काही होत नाही. इंजिन एका ठरावीक आरपीएमवर अडकतं, पंप बॅकअपवर जातो, बूम आणि स्विंग दोन्ही मंदावतात. कधी आपोआप सुरळीत होतं, कधी की बंद करून पुन्हा चालू करावी लागते.

ऑपरेटर काकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: "काका, त्या वेळी इंजिन बंद पडतं का? क्षणभर तरी अडखळतं का?" ते ठाम होते. "नाही हो. इंजिन चालूच राहतं. सकाळी गार असताना पोकलेन सोन्यासारखी चालते. दुपारी खडकात बकेट घातली, की तिचं रुसणं सुरू."

इंजिन चालू राहतं, ही या केसमधली सगळ्यात मोलाची माहिती. इंजेक्टर उघडायचे-मिटायचे काम ईसीएमच करतो. त्याचा सप्लाय गेला असता तर इंजिन जागीच थांबलं असतं. म्हणजे संपर्क तुटतो त्या वेळी ईसीएम जिवंत असतो आणि स्वतःचं काम करत असतो, फक्त त्याचं बोलणं केबिनपर्यंत पोचत नाही आणि केबिनचं त्याच्यापर्यंत.

फाइलमध्ये आधीच्या तंत्रज्ञाचा कागद आहे: "कॅन रेझिस्टन्स ६० ओम. वायरिंग ओके. ईसीएम बदलणे." त्या भरवशावर मालकांनी दुसऱ्या मशीनमधून काढलेला ईसीएम आणूनही ठेवलाय. त्यांना म्हटलं, "शेठ, तो खोका आत्ता उघडू नका." कारणही सांगितलं. ईसीएममध्ये त्या इंजिनाचं कॅलिब्रेशन असतं आणि प्रत्येक इंजेक्टरचे ट्रिम कोड असतात. एकाच कारखान्यातले दोन इंजेक्टर नेमकं सारखंच डिझेल सोडत नाहीत. तो फरक भरून काढायचे आकडे ईसीएममध्ये भरलेले असतात. दुसऱ्या इंजिनाचा ईसीएम तसाच बसवला तर आज संपर्काची तक्रार आहे, उद्या धूर आणि खडखड यांचीही भर पडेल. बदलायचाच झाला तर सगळा डेटा नीट उतरवून, प्रोग्रॅम करूनच बदलायचा. तेही शेवटी.

संध्याकाळी मॉड्यूलनी नोंदवलेले दोषाचे कोड वाचले. संपर्काच्या दोषात कोडची यादी वाचायची माझी पद्धत एकच: कोण कोणाबद्दल तक्रार करतोय ते मांडून बघायचं. मशीन कंट्रोलर म्हणतो एसपीएन १९०, एफएमआय ९. एसपीएन १९० म्हणजे इंजिनचा वेग, एफएमआय ९ म्हणजे संदेश ठरलेल्या वेळेत येत नाही. मॉनिटरचीही तक्रार इंजिन ईसीएमबद्दलच. इंजिन ईसीएमकडे एसपीएन ६३९, एफएमआय ९, म्हणजे त्याला जे१९३९ (अवजड मशीनच्या कॅन संदेशांचं प्रमाण) नेटवर्कवरून संदेश येईनासे झाले. मॉनिटरची मशीन कंट्रोलरबद्दल तक्रार नाही, मशीन कंट्रोलरची मॉनिटरबद्दल नाही. काकांनीही सांगितलं, की त्या वेळी हायड्रॉलिक ऑइलचं तापमान पडद्यावर दिसत राहतं. ते मशीन कंट्रोलरकडून येतं.

म्हणजे केबिनमधली मंडळी आपापसात बोलत राहतात. एकटा इंजिन ईसीएम बाहेर पडतो आणि त्याला मात्र कोणाचंच ऐकू येत नाही. मुख्य लाइन शॉर्ट झाली असती तर सगळेच मुके झाले असते. थ्रॉटल डायल निरुपयोगी का होतो तेही इथे जुळतं. डायलची वायर मशीन कंट्रोलरमध्ये जाते, आणि तो इंजिनला किती आरपीएम हवेत हे कॅनवरून सांगतो. निरोप पोचलाच नाही, तर इंजिन आपल्या ठरलेल्या सुरक्षित वेगावर जाऊन बसतं.

कोडनं कोण ऐकू येत नाही एवढं सांगितलं. का, ते वायरीला विचारायचं.

५ फेब्रुवारी

पॉवर आणि अर्थिंग. इंजिन चालू राहतं म्हणून हा भाग सोडून द्यायचा मोह होतो, पण मी सोडत नाही. ईसीएमच्या अर्थमध्ये रोध असेल तर त्याचा शून्य व्होल्ट वर उचलला जातो आणि कॅनचे सिग्नल बाकीच्यांच्या तुलनेत सरकतात.

बॅटऱ्या: दोन १२ व्होल्टच्या, सिरीजमध्ये, विश्रांतीत २५.३ व्होल्ट. चार्जिंग २८.१. ईसीएमचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून सप्लाय आणि अर्थ पिनांवर २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावला. नुसत्या मल्टीमीटरला सप्लाय नेहमीच चांगला दिसतो, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. एकाच तारेवर लटकलेली वायरसुद्धा मीटरवर पूर्ण २४ व्होल्ट दाखवते. बल्ब पाऊण अँपिअरहून थोडा जास्त ओढतो, तेव्हा खरं काय ते कळतं. बल्ब लख्ख पेटला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थ पिनपर्यंतचा ड्रॉप ०.०८ व्होल्ट. उत्तम. हा भाग बंद.

कपलर काढण्याआधी की बंद करून थांबलो. की बंद झाल्यावरही ईसीएम काही वेळ जागा असतो, मेमरीत लिहीत असतो. लिहिता लिहिता सप्लाय तोडला तर नवीनच कोड पदरात पडतात.

६ फेब्रुवारी

आज रोध मोजला आणि केस अवघड झाली.

पद्धत नेहमीची: बॅटरी आयसोलेटर बंद, डायग्नोस्टिक कपलरच्या (तपासणीची उपकरणं इथे जोडतात) सी आणि डी पिनांमध्ये ओम. नऊ पिनांच्या गोल कपलरमध्ये सी म्हणजे कॅन-हाय, डी म्हणजे कॅन-लो. ए आणि बी सप्लायच्या. कपलर काळा आहे, म्हणजे २५० किलोबिटची लाइन. हिरवा असता तर ५०० ची.

लाइनच्या दोन टोकांना १२० ओमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे दोन वायरींमध्ये जोडलेला रोध, असतो. दोन्ही समांतर, म्हणून मध्ये कुठेही मोजलं तरी ६० यायला हवेत. टर्मिनेटर कशाला लागतात? मोकळ्या टोकावर पोचलेला सिग्नल रिकाम्या विहिरीत हाक मारावी तसा घुमून परत येतो आणि पाठीमागून येणाऱ्या बिटवर आदळतो. २५० किलोबिटवर एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा. टर्मिनेटर ती हाक शोषून घेतो.

माझ्या मीटरवर आले ४० ओम.

बॅटरी खरंच तुटली आहे ना, ते पुन्हा तपासलं. चालू सप्लायवर ओम मोजले तर आकडा काहीही येतो. तुटलेलीच होती. प्रोब बदलले, पुन्हा ४०. हा आकडा नीटनेटका आहे. पाणी शिरलेला कपलर किंवा घासलेली वायर असा गोल आकडा देत नाही, ती हलता-डुलता आकडा देते. १२० चे तीन समांतर लावले तर बरोबर ४० होतात. लाइनवर कुठेतरी तिसरा टर्मिनेटर आहे.

मशीनच्या ड्रॉइंगप्रमाणे दोनच: एक सीटमागच्या पॅनेलमध्ये प्लगच्या रूपात, दुसरा इंजिन हार्नेसच्या (इंजिनकडच्या वायरींच्या जुडग्याच्या) शेवटी ईसीएमजवळ. दोन्ही जागेवर सापडले. उरला ट्रॅकर. त्याच्या वायरी डायग्नोस्टिक कपलरच्या मागून टॅप करून डॅशखालून नेल्यात. पीळ नसलेल्या साध्या वायरी, दोन हातांहून बऱ्याच लांब. ट्रॅकरचा कपलर काढला, मीटरवर ६०. लावला, ४०. त्याच्या आतच १२० ओम बसवलाय.

याचे दोन तोटे. एक म्हणजे लाइनवर भार वाढतो आणि सिग्नलची उंची घटते. दुसरं म्हणजे ती फांदी, मुख्य लाइनपासून ट्रॅकरपर्यंत नेलेल्या वायरी. जे१९३९ च्या शील्ड असलेल्या केबलसाठी मुख्य लाइन ४० मीटरपर्यंत आणि फांदी १ मीटरपर्यंत अशी मर्यादा आहे. शील्ड नसलेल्या केबलसाठी फांदी ३ मीटरपर्यंत चालते, पण तीही पीळ दिलेली जोडी असावी लागते. इथे पीळच नाही. पीळ असेल तर बाहेरचा त्रास दोन्ही वायरींवर सारखा चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. सरळ वायरींवर तो कमी-जास्त चढतो.

माझ्यासोबतचा पोरगा लगेच म्हणाला, "दादा, सापडलं मग!" त्याला थांबवलं. ट्रॅकर दोषी असता तर चौघांनाही त्रास झाला असता. एकट्या इंजिनालाच का? शिवाय ट्रॅकर सकाळीही असतो आणि दुपारीही असतो. दोष मात्र दुपारचा आहे.

आणि एक गोष्ट मनातून जात नाहीये. आधीच्या तंत्रज्ञाला ६० कसे आले? काकांना विचारलं, ट्रॅकर कधी बसवला. त्यांना नक्की आठवतंय: ते गृहस्थ येण्याच्या बऱ्याच आधी. म्हणजे त्यांनी मोजलं तेव्हाही लाइनवर तीन टर्मिनेटर होते आणि मीटरनं ४० दाखवायला हवे होते.

७ फेब्रुवारी

ट्रॅकर काढूनच मशीन कामाला लावलं. डायग्नोस्टिक कपलरवर लाइनवरचे संदेश नोंदवणारा डेटा लॉगर जोडला आणि सोबत सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप.

स्कोपवर गार मशीनचं चित्र अगदी पुस्तकी. कोणी बोलत नसताना दोन्ही वायरी २.५ व्होल्टच्या आसपास. बोलणं सुरू झालं की कॅन-हाय ३.५ कडे चढते, कॅन-लो १.५ कडे उतरते, कडा सरळ. मल्टीमीटरवर यांची फक्त सरासरी दिसते, हाय २.६ ते २.७ आणि लो २.३ ते २.४ च्या दरम्यान. लाइन जिवंत आहे का एवढं त्यावरून कळतं, प्रकृती कळत नाही.

दुपारपर्यंत काहीच नाही. मग खडकाचा पट्टा लागला आणि संदेश आला. काका म्हणाले, की रोजच्यापेक्षा कमी वेळा आला. दोष कमी झाला म्हणजे गेला, असं मी धरत नाही. ट्रॅकर काढल्यानं लाइनला थोडा श्वास मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

दोषाच्या क्षणी स्कोपवर जे दिसलं ते लिहून ठेवतो, कारण निदान इथेच अर्धं झालं. सिग्नल खाली बसला नाही. उलट केबिनच्या बाजूला हाय आणि लो यांच्यातलं अंतर वाढलं, आणि बिट संपल्यावर वायरी २.५ वर परत यायला जास्त वेळ घेऊ लागल्या. शॉर्ट असतं तर अंतर घटलं असतं. अंतर वाढतं तेव्हा भार कमी झालेला असतो. केबिनकडून बघता एक टर्मिनेटर गायब होतोय. इंजिनच्या टोकाचा.

९ फेब्रुवारी

लॉग बसून वाचला. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मला यात सगळ्यात जास्त गोडी आहे. मशीनवर माणसं घाई करतात, लॉग करत नाही.

इंजिन ईसीएमचा पत्ता ०. त्याचा मुख्य संदेश पीजीएन (संदेशाच्या प्रकाराचा क्रमांक) ६१४४४, त्यात इंजिनचा वेग असतो. कच्च्या आकड्याला ०.१२५ नं गुणायचं, म्हणजे १४४०० दिसले तर १८०० आरपीएम. हा संदेश सेकंदाला कितीतरी वेळा येतो. तापमानाचा पीजीएन ६५२६२ सेकंदाला एकदा.

खंड पडतो तेव्हा पत्ता ० चे सगळे संदेश एकाच क्षणी थांबतात. एखादाच संदेश गळत असता तर ईसीएमच्या आतल्या सॉफ्टवेअरकडे बघितलं असतं. मशीन कंट्रोलर आणि मॉनिटर यांचे संदेश तालात चालू, मध्ये मध्ये एरर फ्रेम, म्हणजे संदेश बिघडल्याची खूण.

आता संपर्क परत येतो तो क्षण. जे१९३९ वरचा कुठलाही मॉड्यूल नव्यानं जागा झाला, की आधी आपला पत्ता जाहीर करतो, पीजीएन ६०९२८. ईसीएमचा सप्लाय क्षणभर जरी गेला असता, तरी परतताना ही घोषणा लॉगमध्ये दिसली असती. एकाही खंडानंतर ती नाही. पहिला संदेश येतो तो थेट इंजिनच्या वेगाचा, जणू मध्ये काही घडलंच नाही. ईसीएम पूर्ण वेळ जागा होता आणि बोलत होता. कॅनवर प्रत्येक फ्रेमला निदान एकानं तरी पोच द्यावी लागते. ती न मिळाल्यानं तो तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत राहिला असणार, त्याचा एरर काउंटर १२८ ला पोचून तो एरर पॅसिव्ह झाला असणार, म्हणजे दबकून, पण बंद न पडता बोलत राहणारा. जोड परत लागला, पोच मिळाली, गाडी रुळावर.

५ तारखेच्या बल्बनं जे सांगितलं तेच लॉगनं दुसऱ्या वाटेनं सांगितलं. आता शोध एवढ्याच पट्ट्यात: केबिनमधल्या शेवटच्या फांदीपासून इंजिनच्या टोकाच्या टर्मिनेटरपर्यंत.

१० फेब्रुवारी

गार मशीनवर हार्नेस हलवून बघण्यात अर्थ नव्हता. दुपारी दोष येईपर्यंत काम करू दिलं. आला, की काकांनी बकेट जमिनीला टेकवली, की बंद केली. ईसीएम झोपेपर्यंत थांबून आयसोलेटर बंद केला आणि सी-डी मध्ये मीटर लावला, मिन-मॅक्स चालू करून. ट्रॅकर काढलेलाच होता. वाचन ६०.

पोऱ्याला सांगितलं, "केबिनपासून निघ. वितीवितीनं हलव. ओढू नकोस, नुसतं हलव. आणि मी थांब म्हटलं की हात तिथेच ठेव." ओम मीटरचं बरं असतं. तुटलं तर आकडा वर जातो, शॉर्ट झालं तर खाली जातो, त्यामुळे हलवताना दोषाची जातही कळते.

सीटमागे, काही नाही. केबिनच्या तळातून हार्नेस बाहेर पडतो तिथल्या रबरापाशी, काही नाही. मशीनच्या मागच्या भागात, पंपाच्या कप्प्याच्या भिंतीला एक मधला कपलर आहे. केबिन हार्नेस तिथे संपतो, इंजिन हार्नेस सुरू होतो. त्याला हात लागला आणि मीटर ६० वरून ११९ वर गेला. "थांब." हात स्थिर, ११९. जरा दाबलं, ६०. सोडलं, पुन्हा ११९.

११९ म्हणजे एकच टर्मिनेटर दिसतोय. स्कोपनं ७ तारखेला हेच सांगितलं होतं.

बाहेरून कपलर निर्दोष. पण तो भिंतीला बसलेलाच नव्हता. त्याचा क्लॅम्प आणि ब्रॅकेट दोन्ही गायब. पूर्वी पंपाचं काम झालं तेव्हा काढलेले, परत लागलेच नाहीत. सगळ्या हार्नेसचं वजन कपलरवर आणि कपलर हवेत लोंबकळत, पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डुलत.

उघडला. सील शाबूत, आत कोरडं, हिरवा गंज नाही. कॅन-हायच्या पिनवर बारीक काळी भुकटी होती. टिनचा मुलामा दिलेल्या दोन पृष्ठभागांची एकमेकांवर सततची सूक्ष्म हालचाल झाली, की मुलाम्याचा ऑक्साइड होऊन असा काळा थर साचतो. पाण्याचा थेंब न लागताही जोड खराब होतो, आणि गंज शोधणाऱ्याच्या नजरेतून तो सहज सुटतो.

मग पिनची पकड तपासली. त्याच मापाची नवीन पिन घेऊन प्रत्येक सॉकेटमध्ये सरकवायची आणि उलटी धरायची. शेजारच्या सॉकेटनी ती धरून ठेवली. कॅन-हायच्या सॉकेटमधून ती आपसूक निसटली. स्प्रिंग मेलेली. खात्रीसाठी सी पिनपासून ईसीएमच्या कपलरपर्यंत कॅन-हाय मोजली: दाबून धरलं तर ०.४ ओम, सोडलं तर खुली. कॅन-लो कशीही हलवली तरी ०.३.

दुपार आणि खडक यांचा संबंधही उलगडला. गार असताना सॉकेट कसंबसं टेकून राहतं. पंपाचा कप्पा तापला की प्लास्टिक आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात, उरलीसुरली पकड सुटते. वर खडकात पंप दाबावर जातो, थरथर वाढते.

११ फेब्रुवारी

त्या ६० ओमचा उलगडा. हे स्वतंत्र लिहितो, कारण पुढे कोणालाही उपयोगी पडेल.

ट्रॅकर लावलेला होता तेव्हा लाइनवर तीन टर्मिनेटर होते. जोड लागलेला असताना वाचन ४०. जोड सुटला की इंजिनच्या टोकाचा टर्मिनेटर वगळला जातो, केबिनकडे दोन उरतात: सीटमागचा आणि ट्रॅकरमधला. दोन समांतर, वाचन ६०. म्हणजे आधीच्या तंत्रज्ञानं दोष हजर असतानाच मोजलं आणि नेमका त्याच अवस्थेत मीटरनं पुस्तकातला बरोबर आकडा दाखवला. त्यांनी योग्य जागी, योग्य पद्धतीनं मोजलं होतं. लाइनवर किती टर्मिनेटर आहेत हे मोजण्याआधी मोजायला हवं होतं, एवढंच. मी ६ तारखेला गार मशीनवर मोजलं आणि जोड लागलेला होता म्हणून मला ४० दिसले. चुकीचा वाटणारा माझा आकडा जोड शाबूत असतानाचा होता आणि त्यांचा बरोबर वाटणारा आकडा तुटलेल्या लाइनचा.

आज ट्रॅकर तात्पुरता लावून हे करून बघितलं. कपलर दाबून धरला, ४०. सोडला, ६०. मालकांना बोलावून दाखवलं. ते मीटरकडे बघत म्हणाले, "म्हणजे ईसीएम बदलला असता तरी हे असंच राहिलं असतं?" राहिलं असतं. कदाचित बदलताना हार्नेस हलून चार दिवस बरं वाटलं असतं, आणि ते सगळ्यात वाईट. कारण मग जुना ईसीएम खराब होता यावर सगळ्यांचा विश्वास बसला असता.

दुरुस्ती. कॅन-हाय आणि कॅन-लो दोन्हीचे सॉकेट बदलले, समोरच्या पिनाही बदलल्या. काळ्या पडलेल्या जुन्या पिनवर नवं सॉकेट बसवलं तर तोच थर पुन्हा धरतो. त्या मापाच्या क्रिम्पिंग पकडीनंच क्रिम्प केलं. सोल्डर केलं नाही. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर कडक होते, आणि थरथरीत बरोबर त्या कडेला तुटते. कपलरच्या अगदी तोंडापर्यंत पीळ राखला. पिना जागेवर धरणारी आतली वेज नीट बसवून लॉक झाल्याची खात्री केली. ती अर्धवट राहिली तर कपलर जोडताना पिन मागे सरकते आणि बाहेरून काही कळत नाही. बाकीच्या सगळ्या सॉकेटना पकडीची तपासणी, सगळी ठीक.

पोऱ्याला एक ताकीद: सॉकेटमध्ये समोरून मीटरचा जाड प्रोब कधीही खुपसायचा नाही. मागून बारीक प्रोब, नाहीतर मापाची पिन वायरला जोडून. तपासताना केलेला घाव पुढच्या दोषाचं कारण बनतो.

१२ फेब्रुवारी

नवीन ब्रॅकेट बसवलं. कपलरच्या दोन्ही बाजूंना रबर लावलेले क्लॅम्प, म्हणजे हार्नेसचं वजन क्लॅम्पवर राहील आणि कपलर मोकळा. वायरींना थोडी ढील ठेवली. हायड्रॉलिक होजला केबल टायनं बांधलेला हार्नेसचा एक भाग सोडवून वेगळा घेतला. दाब चढला की होज हलते आणि सोबत वायरींनाही ओढते.

ट्रॅकर मालकांना हवाच आहे. आतला टर्मिनेटर काढता येणाऱ्या जंपरवर होता, तो काढला. वायरी तोडून पीळ दिलेल्या जोडीची आखूड फांदी केली. आता ट्रॅकर लावून ६०, काढूनही ६०.

जुने कोड लिहून घेतले, मगच पुसले.

१४ फेब्रुवारी

कसोटी. खडकाच्या पट्ट्यातच, दिवसभर, लॉगर जोडून. हायड्रॉलिक ऑइल नेहमीच्या तापमानापर्यंत चढू दिलं. पत्ता ० च्या संदेशांत एकही खंड नाही, एरर फ्रेम नाही. स्कोपवर गार आणि गरम, दोन्ही वेळची चित्रं एकमेकांवर ठेवली तर जुळतात. सी-डी गरम असताना ६०, हार्नेस हलवतानाही ६०.

काका मुद्दाम बूम, आर्म आणि स्विंग एकदम चालवून बघत होते. उतरल्यावर म्हणाले, "डायल आता सांगितलेलं ऐकतोय."

आणलेला ईसीएम मालक परत करणार आहेत.

२६ फेब्रुवारी

पाठपुरावा. मशीन रोज कामावर, संदेश पुन्हा आलेला नाही. तिन्ही मॉड्यूलमध्ये संपर्काचा एकही कोड नाही, जुन्या नोंदींतही नाही. कपलर उघडून बघितला नाही. चांगला चाललेला जोड उगाच उघडून बघणं मला पटत नाही. क्लॅम्पचे बोल्ट तेवढे तपासले, घट्ट आहेत.

सीटमागच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला पुढच्या माणसासाठी चिठ्ठी चिकटवली: "कॅन टर्मिनेटर दोनच. एक इथे, एक इंजिन ईसीएमजवळ. ट्रॅकरमध्ये नाही. बॅटरी तोडून सी-डी ६० ओम. ४० आले तर कोणीतरी नवीन उपकरण जोडलंय. १२० आले तर एक टोक सुटलंय, पंपाच्या कप्प्यातला कपलर आधी बघा."

पुढच्या ५०० तासांच्या सर्व्हिसच्या यादीत दोन कामं वाढवली: त्या ब्रॅकेटचे बोल्ट, आणि गरम मशीनवर हार्नेस हलवत घेतलेलं सी-डी वाचन.